पाचूची ओळ

खुर्ची अंगणाच्या मागच्या कडेला ओढून घ्या आणि पाठ टेका. ऑन्टारियोतला नोव्हेंबर आहे, माती अजून गोठलेली नाही. समोर थुजाची ७ रोपं, कमरेएवढी. त्यांच्या डोक्यावरून शेजाऱ्यांची खिडकी सरळ दिसते आहे. दिसू दे.

एक डहाळी चिमटीत धरा. चपटी, खवल्याखवल्यांची. हलकेच चुरडा, वास घ्या. शाळेच्या वहीत ‘विद्या’ म्हणून जपलेलं पान आठवलं ना? ती मोरपंखी, हिची पूर्वेकडची नातलग. आठवण घटकाभर तशीच राहू द्या.

या वाणाचं नाव ‘स्माराग्द’, म्हणजे पाचू; वाण डेन्मार्कमधला. पूर्ण वाढला की उंची ४ मीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम मीटरभर. वर्षाला वाढतो साधारण वीतभर.

आता दोन रोपांमधली मोकळी जागा बघा. ७५ सेंटीमीटर. नजर पुन्हापुन्हा तिथेच जाते; मध्ये आणखी एक रोप खुपसावंसं वाटतं. ते वाटणं येऊ द्या, जाऊ द्या. ही जागा रिकामी नाही, पुढच्या वर्षांच्या फांद्यांसाठी राखलेली आहे.

फांद्या हातांनी अलगद बाजूला करा. आत तपकिरी आहे. घाबरू नका, उजेड न पोचलेली जुनी पानं शरदात अशीच गळतात. कात्री मात्र त्या तपकिरी लाकडापर्यंत नेऊ नका. तिथून सहसा पुन्हा पालवी फुटत नाही. माझ्या एका झाडाला मी अशी खोल छाटणी केली होती. ती जखम अजून उघडीच आहे, आणि तिथून जाताना माझा हात आपोआप तिच्याकडे जातो.

याच झाडाचे रानातले भाऊबंद नायगरा कड्याच्या चुनखडकातल्या फटींत उभे आहेत. त्यांतले काही १,००० वर्षांहून जुने, ज्ञानेश्वरांच्याही आधी रुजलेले. वेडेवाकडे, किडकिडीत, आणि हिरवे. थोडा वेळ डोळे मिटून तो कडा बघा.

उठा आता. हिवाळ्यात ऊन आणि वारा पानांतलं पाणी ओढत राहतील, आणि गोठलेल्या मातीतून मुळांना ते भरून काढता येणार नाही. म्हणून नळी पहिल्या बुंध्याशी ठेवा. धार बारीक. पाणी साचलं तर थांबा, खोलवर मुरू द्या. मग दुसरं रोप.