वाकळ उपाशी ठेवू नये

॥ श्री सद्गुरुनाथाय नमः ॥



मार्गशीर्षाची थंडी पडलीय. बेळगाव भागात उसाच्या फडांशेजारी ऊसतोड मंडळींच्या कोप्या उभ्या राहिल्यात. खाली पाचट, वर पाचट, मध्ये लेकरं.

गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही घरोघरचे जुने कपडे गोळा केले, गाठोडी नेऊन ठेवली, फोटो ग्रुपवर टाकले. आठ दिवसांनी बघतो तर निम्मी गाठोडी बांधावर तशीच, दवात भिजलेली. आम्ही जरा रागानंच महाराजांना सांगितलं, "लोकांना किंमत नाही." महाराज एवढंच म्हणाले, "घर तुम्ही झाडलंत, केर त्यांच्या दारात टाकलात."

आमची मान खाली गेली.

म्हणून यंदा दत्तजयंतीपर्यंत वाकळा शिवायच्या ठरल्या. सत्संगातल्या एका आजींनी शिकवलं. जुनं लुगडं, धोतर आधी धुऊन उन्हात वाळवायचं. अंगणात ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, थरावर थर रचायचे. मग कडेपासून धावदोरा घालत, फिरत फिरत मध्याकडे यायचं. टाका सगळ्या थरांतून गेला पाहिजे. वरवरचा टाका पहिल्या धुण्यातच सुटतो. आपलं नामस्मरणही असंच आहे, नाही का?

मध्ये वीतभर जागा उरली तेव्हा आजींनी भाकरीचा तुकडा मागितला. तो आत ठेवून शेवटचे टाके घालायची त्यांच्या घरची रीत. म्हणाल्या, "वाकळ उपाशी ठेवू नये. उपाशी वाकळ दुसऱ्याला काय ऊब देणार?"

तेव्हा गेल्या वर्षीची चूक कळली. त्या गाठोड्यांत आमचं नको असलेलं सगळं होतं, आमचा घास मात्र नव्हता. कापड तेच जुनं. पण आठ दिवस मांडी घालून बसलं, बोटाला सुई टोचली, की ते टाकाऊ राहत नाही.

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच थंडीत त्यांनी देह ठेवला. अंगावर चिंध्यांची गोधडी घालून ते गावोगाव फिरले आणि उघड्याला वस्त्र द्या म्हणून सांगत राहिले. चिंधीची लाज त्यांना कधी वाटली नाही. आम्हाला मात्र ती शिवायलाही कमीपणा वाटत होता.

सहा वाकळा झाल्यात, कोप्या त्याहून जास्त आहेत. ज्यांना जमेल त्यांनी दुपारी सुई-दोरा घेऊन या. इंदूर, वडोदरा, हैदराबादच्या मंडळींनी आपापल्या गावात उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी एक तरी शिवावी. महाराजांची अट एकच: स्वतःच्या लेकराच्या अंगावर घालवणार नाही, ती वाकळ कुणाला देऊ नका.

आणि यंदा फोटो नको.

॥ जय सद्गुरू ॥