पत्ते आणि पत

शिक्षा संपते केव्हां? प्रश्न वरवर पाहतां फार सोपा आहे. न्यायाधीशानें दोन वर्षांची कैद सांगितली असेल, तर दोन वर्षें पुरीं होतांच ती संपते. तुरुंगाचा दरवाजा उघडतो, कैदी आपले जुने कपडे अंगावर चढवून बाहेर येतो, आणि कायद्याच्या दृष्टीनें हिशेब पुरा होतो. परंतु कायद्याची वही आणि समाजाची वही या दोन निराळ्या वह्या आहेत. पहिलींत जमाखर्च जुळून खालीं रेघ मारली गेली, तरी दुसरींत ती बाकी वर्षानुवर्षें पुढें ओढली जाते. ही बाकी कोणीं, कशानें आणि कोणाकडे फेडावयाची, याचा विचार करण्याचा प्रसंग अलीकडे आम्हांवर आला. आणि तो विचार शेवटीं आमच्या स्वतःच्या वर्तनापर्यंत येऊन पोंचल्यामुळें वाचकांपुढें मांडणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

२०१६ सालीं आमच्या महाविद्यालयांत ग्रंथालय-सहाय्यकाच्या एका जागेसाठीं मुलाखती झाल्या. त्या घेणाऱ्या चौघांत आम्ही एक होतों. उमेदवारांत तिशीच्या आंतबाहेरचा एक पदवीधर होता. पूर्वी तो एका सहकारी पतसंस्थेंत रोखपाल होता; तेथें अफरातफर केल्याबद्दल त्यानें दोन वर्षांची कैद भोगली होती, आणि ही गोष्ट त्यानें अर्जांत स्वतःच्या हातानें लिहिली होती. मुलाखतींत त्याला कोणी टोचून बोललें नाहीं. उलट आम्ही सर्व त्याच्याशीं फार सौजन्यानें वागलों आणि "कळवूं" म्हणून सांगितलें. तो खोलीबाहेर गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "माणूस बरा दिसतो, पण उगाच विषाची परीक्षा कशाला?" आणि त्यांनीं पुढचा अर्ज हातांत घेतला. त्या जागेवर पैशांचा व्यवहार जवळजवळ नव्हता. पुस्तकांचें वर्गीकरण त्याला इतरांहून चांगलें येत होतें. हीं दोन्ही गोष्टींची जाणीव आम्हांस होती, आणि तरीही आम्ही गप्प बसलों. त्याला पुढें कांहीं कळविण्यांतही आलें नाहीं.

२०२५ च्या दिवाळीनंतर तोच गृहस्थ एके सायंकाळीं आमच्या घरीं आला. "सर, तुम्हांला आठवत नसेल," अशी त्यानें सुरुवात केली. आम्हांस आठवत होतें. मधलीं वर्षें काय केलेंत, असें विचारतां तो थोडा अडखळला आणि म्हणाला, "सर, पत्ते खेळून घर चालवलं."

ज्या वाचकांस हा प्रकार अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. पोकर हा बावन्न पत्त्यांचा खेळ. त्याच्या सर्वांत प्रचलित प्रकारांत प्रत्येकास दोन पानें झांकलेलीं मिळतात, आणि पांच पानें सर्वांसाठीं मिळून उघडीं मांडलीं जातात. पानें उघडत जातात तसतशी पैज वाढवावयाची, तितकीच लावावयाची, किंवा पानें टाकून मोकळें व्हावयाचें, हें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें असतें. इंटरनेटवर हा खेळ फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर चालतो. समोरचे खेळाडू कोठल्या तरी गांवचे असून प्रत्येकानें कांहीं तरी टोपणनांव घेतलेलें असतें. आमचा हा पाहुणा रात्रीं मुलगी निजल्यावर एकाच वेळीं चार-चार डाव मांडून बसे. मूळचा रोखपाल, आंकडेमोडींत तरबेज. प्रत्येक दिवसाची जमा आणि तूट त्यानें वहींत लिहून ठेवली होती. त्या मिळकतींतून वकिलासाठीं वडिलांनीं काढलेलें कर्ज फिटलें, दोन खोल्या भाड्यानें घेतां आल्या, आणि मुलीची शाळा चालली.

त्याला ही वाट सुचण्याचें कारण उघड होतें. इतर सर्व दारांवर भूतकाळाची चौकशी होती. या एका दारावर ती नव्हती. हा अनुभव कांहीं त्याच्या एकट्याचा नव्हे. अमेरिकेंत डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ विदुषीनें मिलवॉकी शहरांत एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध केले. सारख्याच पात्रतेच्या तरुणांना तिनें नोकऱ्यांसाठीं अर्ज करावयास पाठविलें. फरक इतकाच कीं, कांहींच्या अर्जांत तुरुंगवासाचा उल्लेख होता, कांहींच्या अर्जांत नव्हता. निष्कलंक गोऱ्या तरुणांपैकीं शेंकडा ३४ जणांना मालकांकडून पुन्हां बोलावणें आलें, तुरुंगाचा उल्लेख असलेल्या गोऱ्यांपैकीं १७ जणांना. काळ्या तरुणांत हेच आंकडे १४ आणि ५ होते. म्हणजे कायद्यानें न सांगितलेली एक दुसरी शिक्षा मालक लोक आपल्या टेबलाशीं बसून, कोणाचाही द्वेष न करतां, देत होते. आपल्याकडे अशी मोजणी करण्याची गरजच नाहीं. चारित्र्य-पडताळणीचा कागद सर्वांच्या परिचयाचा आहे. आमच्या त्या मुलाखतीच्याच वर्षीं, २०१६ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें अवतार सिंग यांच्या खटल्यांत असें सांगितलें कीं, उमेदवारानें आपली माहिती खरी दिली पाहिजे; मात्र ती खरी दिली तरी त्याची पूर्वपीठिका विचारांत घेण्याचा मालकास अधिकार आहे, आणि नेमणूक करण्याची सक्ती त्याच्यावर नाहीं. कायदा म्हणून हें ठीक असेल. परंतु उमेदवाराच्या जागीं स्वतःला कल्पून पाहावें. लपविलें तर लपविल्याबद्दल काढतील, सांगितलें तर सांगितल्यामुळें घेणार नाहींत. अशा माणसाला जेथें कोणी कांहीं विचारीत नाहीं तें ठिकाण घरासारखें वाटलें, तर नवल नाहीं.

येथें कोणी म्हणेल, पण हा जुगार! जुगाऱ्याचें समर्थन कसलें? हा आक्षेप आम्ही इतक्या सहज पुढें करूं इच्छीत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. पोकरविषयीं मात्र गुजरात उच्च न्यायालयानें २०१७ सालीं तो जुगारच होय असें मत दिलें. कायद्याचा वाद बाजूस ठेवून खेळाकडेच पाहूं. दोन पानांच्या जोड्या एकंदर १३२६ होतात, आणि हातांत दोन एक्के येण्याचा योग २२१ डावांतून सरासरी एकदां येतो. एका रात्रींत दैव कोणालाही तारील किंवा मारील; परंतु हजारों डावांच्या हिशेबांत दैव सर्वांना सारखें वाटलें जातें आणि उरतो तो निर्णयांतला फरक. २०१७ सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठानें तयार केलेल्या संगणकानें पिट्सबर्ग येथें चार कसलेल्या खेळाडूंशीं १,२०,००० डाव खेळून त्यांना हरविलें. यंत्राला कांहीं कुलदैवत पावलें नव्हतें. तेव्हां आमच्या पाहुण्याची मिळकत संयमाची, स्मरणाची व गणिताची होती, हें आम्ही मान्य करतों. ती आळशाची मिळकत नव्हती.

तरीही प्रश्न उरतो, आणि तो कौशल्याचा नाहीं. हा पैसा येतो कोठून? सुतार खुर्ची करतो आणि पैसे घेतो. घेणाऱ्याला खुर्ची मिळते. या खेळांत एकाच्या हातीं येतो तो रुपया दुसऱ्याच्या खिशांतून गेलेला असतो, आणि वाटेंत खेळ चालविणारी कंपनी आपला कांहीं टक्के वाटा कापून घेते. सर्व खेळाडूंची बेरीज मांडली तर ती शून्यापेक्षां कमीच भरणार. २००३ सालीं टेनेसी प्रांतांतला मनीमेकर नांवाचा एक हिशेबनीस अवघ्या ८६ डॉलरांच्या इंटरनेटवरील प्रवेशस्पर्धेंतून वर चढत २५ लक्ष डॉलरांचें बक्षीस जिंकून गेला, आणि त्याचें नांव जगभर झालें. त्या स्पर्धेंत ८३९ जण होते. बाकीच्यांचीं नांवें कोण विचारतो? जें टेबल जिंकणाऱ्याचा भूतकाळ विचारीत नाहीं, तें हरणाऱ्याचा वर्तमानकाळही विचारीत नाहीं. समोर लावलेले पैसे चैनीचे आहेत कीं मुलाच्या फीचे आहेत, हें तेथें कळण्याची सोय नाहीं. आम्हीं हें बोलून दाखविलें तेव्हां तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, समोर कोण आहे हें दिसत नसे, म्हणूनच खेळतां आलं. पतसंस्थेंतही पैसे कोणाचे हें दिसत नव्हतं." याहून कठोर शब्द आम्हांस सुचले नसते, आणि सुचले असते तरी उच्चारण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

शेअरबाजारांत सट्टा करणारास आपण घरीं जेवावयास बोलावतों आणि पत्ते खेळणारास नांवें ठेवतों, हा ढोंगीपणा आहे असें कोणी म्हटल्यास आम्ही तें नाकारणार नाहीं. मात्र त्यामुळें सट्टा निंद्य ठरेल. पोकर वंद्य ठरणार नाहीं.

महाभारतांत काम्यक वनांतल्या युधिष्ठिरास बृहदश्व ऋषि नलाची कथा सांगतात. नलानें फांशांत गमावलेलें फांशांनींच परत मिळविलें, एवढेंच आपल्या सामान्यतः ध्यानांत राहतें, आणि जुगाऱ्याला त्यांत आपली आशा दिसते. परंतु कथेंतला क्रम पाहण्यासारखा आहे. राज्य गेलेला, रूपही पालटलेला नल बाहुक म्हणून अयोध्येस जातो. राजा ऋतुपर्ण त्याची वंशावळ विचारीत बसत नाहीं. अश्वविद्या येते ना, मग सारथि हो, म्हणून त्याला ठेवून घेतो. पुढें विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें दृष्टिक्षेपांत मोजून दाखवितो, आणि अश्वविद्येच्या बदल्यांत नलास अक्षविद्या देतो. तेव्हां कलि त्याच्या देहांतून बाहेर पडतो. मग विदर्भांत दमयंती त्याला, त्यानें रांधलेल्या अन्नाच्या चवीवरून, ओळखते. पुष्कराबरोबरचा डाव यानंतर, अगदीं शेवटीं येतो. आणि तो जिंकल्यावर नल पुष्कराला क्षमा करतो. म्हणजे आधीं काम, मग ओळख, आणि डाव मागाहून. राज्य फांशांनीं मिळालें असेल. माणूस त्यापूर्वींच परत आलेला होता.

आमच्या पाहुण्याच्या वांट्यास हा क्रम आला नाहीं. त्याला डाव मिळाला, पैसा मिळाला; पण ओळख मिळाली नाहीं. घरमालकाला त्यानें "कंप्यूटरचं काम" सांगितलें होतें, शाळेच्या फॉर्मवर "खाजगी व्यवसाय" लिहिलें होतें. "पूर्वी एक गोष्ट लपवावी लागे, नंतर दोन," असें तो म्हणाला. पोकरमध्यें आपल्या हातांत काय आहे हें दुसऱ्याला कळूं न देणें हा गुण आहे. पत नेमकी याच्या उलट रीतीनें वाढते. आपल्या हातांत काय आहे, पूर्वी काय होतें, हें सर्व माहीत असून दुसऱ्यानें आपल्या स्वाधीन किल्ली करावी, याचें नांव पत. पतसंस्थेंत त्यानें जी वस्तु मोडली ती हीच. आणि आठ वर्षें जिंकूनही ती एक पैशाइतकीसुद्धां परत जोडली गेली नव्हती.

शिवाय तो आसराही टिकाऊ नव्हता. १५ एप्रिल २०११ रोजीं अमेरिकन सरकारनें तीन मोठ्या पोकर-कंपन्यांच्या चालकांवर खटले भरले, आणि तेथें या खेळावर पोट असलेल्यांचें उत्पन्न एका दिवसांत थांबलें. कित्येकांचे ठेवलेले पैसेही अडकले. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळण्याच्या इंटरनेटवरील खेळांना बंदी करणारा कायदा केला आणि मोठ्या कंपन्यांनीं ते डाव ताबडतोब बंद केले. हा कायदा खेळणारास शिक्षा करीत नाहीं, चालविणारास करतो. आणि कर्जांत बुडालेल्या घरांकडे पाहतां त्याविरुद्ध बोलण्यास आमची जीभ उचलत नाहीं. पण आमच्या पाहुण्याजवळ आतां आठ वर्षांचा अनुभव होता आणि त्याचें कोणाचेंही प्रमाणपत्र नव्हतें.

तो आला होता एका पत्रासाठीं. जवळच्या एका गोदामांत मालाची नोंद ठेवणारा माणूस पाहिजे होता. "शिफारस नको, सर. मला ओळखतां, एवढंच लिहा. सगळं लिहा." एवढें पत्र लिहावयास आम्हांस चार दिवस लागले. पहिल्या दिवशीं काम होतें. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीं नव्हतें. खरें कारण हें कीं, उद्यां कांहीं कमीजास्त झालें तर आपलें नांव गुंतेल, ही भीति २०१६ सालच्या खोलींतून निघून आमच्याबरोबर घरापर्यंत आली होती. विषाची परीक्षा नको म्हणणारे अध्यक्ष आम्हीच होतों. त्या दिवशीं फक्त ते शब्द दुसऱ्याच्या तोंडून निघाले. ऋतुपर्णाच्या आसनावर आम्ही बसलों होतों, आणि आम्हांस पानें मोजतां आलीं नाहींत.

चौथ्या दिवशीं पत्र लिहिलें: अफरातफर, कैद, पत्ते, आणि वर्गीकरणाच्या प्रश्नांना त्यानें दिलेलीं उत्तरें. आठवड्यानें गोदामाच्या मालकांचा फोन आला. त्यांनीं सरळच विचारलें, "साहेब, तुम्ही तुमच्या कॉलेजांत ठेवाल का याला?" आम्हीं सांगितलें, "ठेवायला पाहिजे होता, ठेवला नाहीं. चूक आमची झाली." पलीकडे क्षणभर कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग ते म्हणाले, "पाठवा. तीन महिने पाहूं."

त्या तीन महिन्यांचें काय होईल याची हमी आम्ही देऊं शकत नाहीं. तो पुन्हां चुकणार नाहीं असेंही नाहीं. परंतु शिक्षा संपते केव्हां, या प्रश्नाचें उत्तर तुरुंगाच्या दरवाजावर शोधणें आम्हीं आतां सोडलें आहे. तें उत्तर त्यानंतरच्या एखाद्या टेबलाशीं, अर्ज हातांत घेऊन बसलेल्या माणसाकडे असतें. आणि तो माणूस बहुधा आपल्यासारखाच सुशिक्षित, सौजन्यशील आणि गप्प असतो.