कशावरनं?

कुसगावात आमच्या शेजारची मुलगी बारावीला होती तेव्हाची गोष्ट. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरच्या, घाट टाळणाऱ्या नव्या रस्त्याच्या, म्हणजे मिसिंग लिंकच्या बोगद्याचं काम जोरात चाललं होतं. तिला स्पर्धेसाठी निबंध लिहायचा होता आणि अट अशी होती, की आपलं म्हणणं पटवून द्या, पण प्रत्येक मुद्द्याला संदर्भासह पुरावा द्या. घरचं चिक्कीचं दुकान लोणावळ्यात, जुन्या हायवेवर. त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. तिनं पहिलंच वाक्य मोठ्यानं वाचलं : "मिसिंग लिंक झाला की लोणावळ्याचा धंदा बसणार."

सुपात तांदूळ निवडणाऱ्या आजीनं मान वर न करता विचारलं, "कशावरनं गं?"

मुलगी चिडली. मी मात्र तिला कोरा कागद उभा दुमडायला सांगितला. डाव्या बाजूला 'म्हणणं', उजव्या बाजूला 'कशावरनं'. उजवी बाजू रिकामी राहील त्या ओळी निबंधात घ्यायच्या नाहीत. प्रस्तावनेचं मग बघू. (वर्गात आम्ही मुलांना आधी सुभाषित शोधायला लावतो आणि मुद्दा मागाहून. पाप आमचंच.)

दोन दिवसांनी ती कागद घेऊन आली. उजवी बाजू गच्च भरलेली. रस्ता 13 किलोमीटरच्या थोडा वर, एक बोगदा जवळपास 9 किलोमीटरचा, खोपोली ते कुसगाव अंतर साधारण 6 किलोमीटरनं कमी होणार, घाटातली वीस-पंचवीस मिनिटं वाचणार. रस्ते विकास महामंडळाचे आकडे, पुढे वर्तमानपत्राचं नाव, तारीख. सगळं बिनचूक. पण इतक्या आकड्यांत चिक्कीचं नाव नव्हतं. रस्ता लहान होणार एवढं त्यातून कळत होतं. धंदा बसणार हे कुठंच दिसत नव्हतं.

कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथानं स्वतःला दोन बंधनं घालून घेतली होती. मुळाशी आधार नाही ते लिहायचं नाही, आणि जे अपेक्षित नाही ते बोलायचं नाही. पहिलं बंधन सगळ्यांच्या ध्यानात राहतं. मुलं फसतात ती दुसऱ्यावर. हाती लागलेला खरा आकडा टाकून द्यायला जिवावर येतं. म्हणून कागदाला मी आणखी एक घडी घालायला लावली. तिसरा रकाना : 'मग काय?'

9 किलोमीटरच्या बोगद्यापुढे तिला 'मग काय?' लिहिता येईना. खोडला. वाचणाऱ्या मिनिटांपुढे मात्र पेन चाललं : घाटात अडकून वैतागलेली गाडी चहापाण्याला लोणावळ्यात उतरते, आपल्या दुकानासमोर थांबते. घाट टळला तर ती कशाला उतरेल? इथे कुठं मुद्दा आणि पुरावा एकमेकांना लागले.

संदर्भ कसा द्यायचा हे दाखवायला मी तिला कार्ल्याच्या लेण्यात नेलं. लांब नाही आमच्यापासून. तिथल्या चैत्यगृहातल्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नोंद आहे. कोण, कुठला, काय दिलं. धेनुकाकटाचा यवन, त्यानं हा खांब दिला. झालं. खांब समोर उभाच आहे, तपासून घ्या. आणि त्याच लेण्याच्या ओसरीत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे, की हे शैलगृह सबंध जंबुद्वीपात उत्तम. लेणं सुंदर आहे यात वाद नाही, पण सबंध जंबुद्वीप पाहून आलं कोण? "आजीला इथं आणायला पाहिजे होतं," मुलगी म्हणाली.

राहता राहिली समोरच्याची बाजू. मुलं ती शेवटी दोन ओळींत उरकतात, 'काही लोक असेही म्हणतात' वगैरे. मी तिला ती आराखड्याच्या मधोमध मांडायला लावली, तिच्याही उजव्या बाजूला 'कशावरनं' भरून. समोरचा म्हणेल, लोणावळ्याला येणारा माणूस पावसासाठी, भुशी डॅमसाठी येतो. पुण्याची वाट कुठूनही गेली तरी तो येणारच. हे खोडायचं तर गिऱ्हाईकं मोजायला हवीत. वर्तमानपत्रात हे सापडणार नव्हतं.

ती एका रविवारी गल्ल्याशेजारी बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिली, "लोणावळ्यालाच आलात, की पुढं चाललात?" चिक्कीच्या खोक्याच्या झाकणावर रेघा ओढल्या. वडील वैतागले, मोजतेस तर मोज, पण पुडे तरी बांध. संध्याकाळी झाकण घेऊन आली तेव्हा तोंड उतरलेलं. इथंच आलेल्यांच्या रेघा पुष्कळ, जाताजाता थांबलेल्यांच्या थोड्या.

"आता निबंध गेला ना?"

"निबंध कुठं जातोय? वाक्य बदल."

तिनं 'लोणावळ्याचा धंदा बसणार' खोडून 'हायवेवरच्या दुकानांचं वाटसरू गिऱ्हाईक तुटेल' असं केलं. छोटं झालं, पण झाकणावरच्या रेघांनी पेलेल एवढं. मग झाकणाचा संदर्भ कसा लिहायचा यावर अडली. मी सांगितलं, स्वतः घेतलेली नोंद, वार, तारीख, जागा, किती ते किती वाजेपर्यंत.

लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "बारानंतर पाऊस लागला होता. गाड्या थांबतच नव्हत्या. तेही लिहू?"

"लिही," मी म्हटलं.