पगारी वेळेतील सेवा आणि निष्कामता
कर्मचाऱ्यांना पगारी वेळेत समाजकार्याची मुभा देणाऱ्या कंपनीला त्यातून नावलौकिक आणि कर्मचाऱ्यांची निष्ठा लाभत असेल, तर त्या सेवेला निष्काम, म्हणजे फळाची आसक्ती नसलेले कर्म, म्हणता येईल का, हा प्रश्न विचारार्ह आहे. भगवद्गीतेच्या 17 व्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देश, काल व पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक, तर फळाच्या हेतूने दिलेले राजस मानले आहे. या कसोटीवर कंपनीचा हेतू राजस ठरला, तरी बचत गटातील महिलांना रोकडवही लिहायला शिकवणाऱ्या लेखापालाचा भाव सात्त्विक असू शकतो, कारण हेतू कर्त्यागणिक वेगळा असतो. छायाचित्रापुरते केलेले श्रमदान मात्र पात्रविवेक गमावते. म्हणून कंपन्यांनी आधी वस्तीची गरज विचारावी आणि सहभाग ऐच्छिकच ठेवावा.