पहिले दोन महिने

दहावीची परीक्षा संपली की गावोगावच्या जिममध्ये नवी पोरं दिसू लागतात. मिसरूड नुकतं फुटलेलं, मोबाइलमध्ये कुणा पिळदार माणसाचा फोटो, आणि कॉलेज सुरू होईपर्यंत तसंच दिसायची घाई. घरी आईला मात्र एकच धास्ती असते: वजन उचललं तर पोराची उंची खुंटेल.

ही धास्ती जुनी आहे आणि तिला आधार नाही. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या वजनांच्या व्यायामाने मुलांची उंची खुंटत नाही, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच स्पष्ट केलं. तिने इशारा दिला तो वेगळ्याच गोष्टीचा. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, एका दमात जास्तीत जास्त किती उचलतो याची चढाओढ नको.

उंची खरोखर रोखू शकतं ते स्टेरॉइड. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो, त्यातूनच हाड वाढतं. स्टेरॉइड म्हणून बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की त्यातल्या काही भागाचं शरीरात इस्ट्रोजेन होतं, आणि तो थर वेळेआधीच हाड बनून बंद होतो. एकदा बंद झाला की पुन्हा उघडत नाही. शिवाय वृषणं आक्रसतात, छातीला स्तनांसारखा फुगवटा येतो, हृदय आणि यकृतावर ताण पडतो, स्वभाव भडकतो. डंबेलला घाबरणाऱ्या घरात पोराच्या बॅगेतल्या कुपीची चौकशी मात्र क्वचितच होते.

मुलगा त्या कुपीपर्यंत पोहोचतो कसा, हे समजून घ्यायला हवं. व्यायाम सुरू केल्यावर पहिले सहा-आठ आठवडे जी ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्यामुळे. मेंदू स्नायूंमधले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. पाच किलोच्या जागी साडेसात किलो उचलले जातात, पण दंडाचा घेर जवळजवळ तेवढाच राहतो. आतून बरंच काही घडत असतं आणि आरशात काहीच दिसत नाही. ‘तुला रिझल्ट का येत नाही, सांगू का?’ असं म्हणणारा माणूस नेमका याच दिवसांत भेटतो. आधी पावडरचा डबा, मग प्री-वर्कआउट, मग ‘सायकल’, म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स. पुण्यासह राज्यात काही ठिकाणी मेफेंटरमाइनची इंजेक्शनंही जिममध्ये जाणाऱ्यांना विकताना लोक पकडले गेले आहेत. हे औषध भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर डॉक्टर वापरतात.

सोळाव्या वर्षी घाई असणं हा काही दोष नव्हे. दोष त्या मोठ्या माणसाचा, ज्याला पहिल्या दोन महिन्यांचं हे गणित पक्कं ठाऊक असतं आणि विक्रीसाठी तो ते दडवतो. ही फसवणूक आहे, आणि ती वाढत्या शरीराची आहे.

कोल्हापूरच्या तालमीत नव्या पोराच्या हाती आधी फावडं येतं. आखाड्याची माती खणायची, जोर-बैठका मारायच्या, वस्तादाच्या नजरेखाली अंग घडवायचं. घाई करणाऱ्याला तिथे कुणी विचारत नाही. भारताचे शरीरसौष्ठवपटू मनोहर आइच १९५२ साली त्यांच्या उंचीच्या गटात ‘मिस्टर युनिव्हर्स’ झाले तेव्हा चाळिशीत होते. उंची चार फूट अकरा इंच. ब्रिटिशांच्या तुरुंगात असताना, साधनं नसताना त्यांनी व्यायाम चालू ठेवला होता. २०१६ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं वय १०४ होतं.

आजच्या मुलाला सुरुवातीला लागतं ते फार थोडं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवून. आधी रिकाम्या हाताने किंवा नुसत्या काठीने हालचाल बिनचूक करायची, मग पंधरा वेळा सहज जमेल एवढंच वजन घ्यायचं. पाठ वाकली की सेट तिथेच थांबवायचा. आणि झोप, कारण स्नायूंची डागडुजी विश्रांतीतच होते.

प्रथिनांचा बाऊ तर अकारण झाला आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मोजमाप आहे. व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त लागतील. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, वाटीभर वरण, मूठभर शेंगदाणे आणि तीन-चार भाकऱ्या एवढ्यात साठ ग्रॅमच्या आसपास पोहोचता येतं. अंडी न खाणाऱ्या घरात पनीर, सोयाबीन, मोड आलेली मटकी आहेच. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेणं टाळा, असं याच संस्थेने मे २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात सांगितलं आहे.

जिमचालकांकडे एक मागणी आहे. अठरा वर्षांखालचा मुलगा किंवा मुलगी आली तर प्रवेशाच्या दिवशी पालकांना बोलावून घ्या, आणि पहिले दोन महिने आरशात काही दिसणार नाही, हे त्या मुलासमोर स्पष्ट सांगा. पालकांनी फी भरण्याआधी ट्रेनरला विचारावं: तुम्ही इथे काय विकता?