आईच्या वाट्याचा एक तास

बाळंतपणानंतर बाईचं वजन उतरलं नाही, कंबर धरली, जिना चढताना दम लागायला लागला, की सल्ल्यांना तोटा नसतो. पहाटे उठ, कोमट पाणी पी, भात सोड, रोज अर्धा तास चाल. सासू सांगते, शेजारीण सांगते, माहेरून आई फोनवर सांगते, आणि नवराही मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ तिला धाडून मोकळा होतो. ‘तू जाऊन ये, पोरांकडे मी बघतो’ एवढं मात्र कोणी म्हणत नाही. हे एक वाक्य ज्या घरात बोललं जात नाही, त्या घरातल्या बाकी साऱ्या सल्ल्यांना काडीचीही किंमत नाही. लहान मुलांच्या आईची तब्येत तिच्या निर्धारापेक्षा, घरातल्यांनी तिच्या हातातलं काम किती उचललं यावर जास्त अवलंबून असते, असं मी ठामपणे मानतो.

लोणी काळभोरचंच बघा. पुणे-सोलापूर महामार्गावरचं हे गाव आता धड खेडं राहिलेलं नाही आणि धड शहरही झालेलं नाही. एकीकडे ऊस, फुलशेती, रोपवाटिका. दुसरीकडे तेल कंपन्यांचे डेपो, टँकरच्या रांगा, विद्यापीठ आणि थेट कदमवाकवस्तीपर्यंत उठलेल्या इमारती. कामाच्या शोधात आलेली जोडपी इथं दोन खोल्यांत संसार मांडतात. नवरा पाळीवर जातो, सासू गावाकडे असते, माहेर त्याहून लांब. माहेरचं बाळंतपण आटोपून बाळाला घेऊन ती परत आली, की दिवसाचे दहा-बारा तास घरात ती आणि पोरं, एवढंच. अंगणवाडी मुलाला बसवून घेते ती तीन वर्षांचं झाल्यावर. तोवर ते आईच्या कडेवर किंवा पायात.

अशा घरातली दुपार कशी जाते ते पाहू. थोरला तीन वर्षांचा, धाकटी आठ महिन्यांची. आई थोरल्याला वरणभात कालवून देते. तो चार घास खातो आणि ताट सरकवतो. धाकटीची नाचणीची पेज निम्मी वाटीत उरते. अन्न टाकवत नाही म्हणून आई ओट्याशी उभ्यानंच थोरल्याचा उरलेला भात आणि धाकटीची थंड झालेली पेज संपवते. तेवढ्यात धाकटी रडायला लागते. तिला पाजून झोपवेपर्यंत तीन वाजतात, भूक मरते, मग चहात बुडवून चार बिस्किटं. सकाळची मेथीची भाजी नवऱ्याच्या डब्यात गेलेली असते, कढईत उरलेली ती रात्रीसाठी झाकून ठेवते. पाचला पोटात आग पडते तेव्हा हाताशी फरसाणाचा डबा असतो. रात्रीचं जेवण साडेदहाला, त्यानंतर भांडी, आणि रात्रीत दोन-तीनदा उठणं. या बाईला ‘तुझ्या खाण्याला शिस्त नाही’ असं म्हणायला जीभ कशी रेटते, हे मला कळत नाही. तिचं ताटच कोणी वाढत नाही. मुलांच्या उष्ट्यावर जेवण उरकणारी आई हा आपल्याकडे मायेचा नमुना मानला जातो. माझ्या मते तो घराच्या बेफिकिरीचा नमुना आहे.

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण 600 कॅलरी आणि 17 ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2020 सालची शिफारस सांगते. म्हणजे तिनं उपाशी राहून बारीक होण्याचा काळ हा नव्हेच. बाळंतपणानंतर दोन महिन्यांत वजन उतरवून देणारी पावडर गावागावांत ओळखीपाळखीतून खपवली जाते, तिला दारातूनच परत पाठवलं पाहिजे. आईला हवी आहे बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, एखादं अंडं, शेपू-मेथीची भाजी, ताक, शेंगदाण्याची चटणी. यातलं काहीही लोणीत दुर्मीळ नाही, महागही नाही. दुर्मीळ आहे ती बसून, ताट मांडून, गरम खाण्याची वीस मिनिटं.

डिंकाच्या लाडवांची मी टिंगल करणार नाही. सव्वा महिन्याच्या आपल्या रिवाजात एक खरं शहाणपण होतं. बाळंतिणीला विश्रांती मिळायची आणि तिच्या वाटचं काम दुसरी बाई करायची. अळीव, डिंक, खोबरं, बाळंतशोपा हे त्या विश्रांतीसोबतचं खाणं होतं. आज लाडू राहिले आणि विश्रांती गेली. शिवाय त्या रिवाजातलं जे खुळं होतं ते मात्र आपण जपून ठेवलं. पाणी कमी पी नाहीतर पोट सुटेल, पालेभाजी वातूळ आहे बाळाला बाधेल, खोलीची खिडकी उघडू नको. पाजणाऱ्या आईला तहान लागेल तेवढं पाणी प्यायला हवंच. धुरीच्या कोंदट खोलीत तिचंही भलं नाही आणि बाळाचंही नाही.

पालेभाजीबद्दल तर आपल्याच जिल्ह्यातून जगाला शिकवण मिळाली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. त्या बायांचं सरासरी वजन सुमारे 42 किलो आणि त्यांच्या बाळांचं सुमारे 2.7 किलो भरलं. त्या बाळांच्या अंगावर मांस कमी होतं, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी धरणारी ही बाळं पुढं मधुमेहाच्या वाटेला लागण्याचा धोका जास्त, हे त्या कामातून पुढं आलं. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खाणाऱ्या बायांची बाळं अंगानं भरलेली होती, हेही त्यातूनच दिसलं. आता आपल्या शिवाराकडे बघा. कोथिंबीर, मेथी, पालक इथल्या रानातून मांजरीच्या बाजाराला जातात, पुण्याच्या घराघरांत पोचतात. ज्या बाईनं त्या जुड्या बांधल्या तिच्या ताटात शेवटी काय पडतं, हा प्रश्न आपल्या गावच्या चावडीवर कधी निघाला आहे का?

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. गरोदरपणी शेतातली आणि घरातली जड कामं जास्त करणाऱ्या बायांची बाळं वजनानं लहान होती. ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ असं जे पिढ्यानपिढ्या ऐकवलं जातं, त्यावर मला एवढंच सांगायचं आहे की राबणं वेगळं आणि शरीर कमावणं वेगळं. वाकून फरशी पुसल्यानं, पाण्याची भरलेली कळशी कडेवर घेतल्यानं कंबर आणखी जाते. व्यायाम असा हवा की ज्यात बाईला मान ताठ करून, हात मोकळे सोडून, स्वतःच्या चालीनं चालता येईल. दरसाल तुकोबांची पालखी पुणं सोडून लोणी काळभोरला मुक्कामाला येते. तिच्याबरोबर साठीच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन दिवसभर चालत येतात, आणि गाव त्यांचे पाय धरतं. तेच गाव पंचविशीतल्या आपल्या लेकुरवाळ्या सुनेला संध्याकाळी अर्धा तास चालायला मोकळं सोडत नाही. महामार्गाच्या कडेनं टँकरमधून वाट काढत तिनं चालावं अशी अपेक्षा तर कोणी करू नये. तिला उजेडाचा, कुत्र्यांची आणि टवाळांची धास्ती नसलेला रस्ता हवा. तो देणं हे पंचायतीचं काम आहे.

यावर घरातली वडीलधारी बाई म्हणते, ‘आम्ही चार-चार पोरं वाढवली, आम्हाला कुठं काय झालं?’ या प्रश्नाचा मी आदर करतो, आणि तरीही त्याला उत्तर देणं भाग आहे. झालं होतं. गुडघे गेले. साखर निघाली. खोकताना, हसताना लघवी सुटते हे तिनं वीस-वीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. अंग बाहेर येतं हे लाजेपोटी नवऱ्यालाही सांगितलं नाही, लुगड्याच्या कासोट्यात दडवून ती शेतात खुरपत राहिली. ती वाचली, पण धड राहिली नाही. लघवी रोखताना जे स्नायू आपण आवळतो, ते दिवसातून काही वेळा आवळून धरायचे आणि सोडायचे, एवढी साधी कसरत बाळंतपणानंतर शिकवली तर यातला बराच त्रास टळतो. ती शिकवायला बाईनं तोंड उघडावं लागतं आणि ऐकणाऱ्यानं कान द्यावे लागतात. महाराष्ट्रात आता जवळपास चारातलं एक बाळंतपण सिझरनं होतं. पोटावरचा तो टाका म्हणजे मोठं ऑपरेशन आहे. त्यानंतर कुठली कसरत कधी सुरू करायची हे डॉक्टरलाच विचारायला हवं. ‘टाके सुकले, लाग कामाला’ हे सांगणारे आपण कोण?

सरकारी यंत्रणेतही एक उणीव आहे, आणि ती भरून काढणं अवघड नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घालून दिली आणि पुढं ती देशभर गेली. तिनं बाळं वाचवली, यात शंका नाही. पण बेचाळिसाव्या दिवसानंतर आईकडे कोण बघतं? पुढं दीड महिन्याला, अडीच महिन्यांना, साडेतीन महिन्यांना, नवव्या महिन्यात आणि दीड वर्षाच्या सुमारास आई बाळाला लस टोचायला आणते. बाळ काट्यावर बसतं, त्याच्या कार्डावर नोंद होते. आई पिशवी सांभाळत बाजूला उभी असते. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी तिचं वजन, रक्तदाब आणि रक्तातलं लोह का तपासू नये? बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या 180 दिवस घ्यायच्या असतात. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. गोळी चहाबरोबर घेतली तर ती अंगी लागत नाही, हे सांगायला किती वेळ लागतो? आणि जिला गरोदरपणी साखर निघाली होती, तिची साखर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावी असा नियमच आहे. तो दिवस आणि बाळाच्या दीड महिन्याच्या लशीचा दिवस एकच पडतो. तरी कित्येकजणी त्या तपासणीशिवाय घरी परततात, कारण बाळ ठणठणीत आहे म्हटल्यावर सगळं झालं असं आपण समजतो. गरोदरपणातली साखर पुढं मधुमेह होऊन परतण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो.

लोणीपासून अर्ध्या तासावर उरुळी कांचनला 1946 साली महात्मा गांधींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. शहरातल्या उपचारगृहात गरीब माणूस पोचत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी खेडं निवडलं. पुढं मणिभाई देसाईंनी आपलं सारं आयुष्य त्या गावाला दिलं. माती, पाणी, ऊन, हवा आणि साधं अन्न यांवर तब्येत उभी राहते, हा तिथला विचार. आजही लांबून माणसं तिथं आठवडा-पंधरवडा राहायला येतात. लेकुरवाळी बाई तेवढे दिवस घर सोडून जाऊ शकत नाही. म्हणून तोच विचार तिच्या दोन खोल्यांपर्यंत आला पाहिजे, आणि तिथं तो आणायची जबाबदारी घरातल्या पुरुषाची आहे.

दोन बाळंतपणांतल्या अंतराचीही गोष्ट हीच आहे. एक मूल अंगावरचं पिणं सोडायच्या आत दुसरं पोटात, यानं बाई जितकी खंगते तितकी दुसऱ्या कशानं खंगत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, आणि त्यापायी नोकरी व प्रतिष्ठा दोन्ही गमावली. शंभर वर्षांनीही ‘एक मुलगा होऊ दे, मग बघू’ हे वाक्य आपल्या घरांत बोललं जातं. पहिलं मूल दोन वर्षांचं होण्याआधी दुसऱ्याचा विचार नको, हा सल्ला जागतिक आरोग्य संघटनाही देते. तो अमलात आणणं एकट्या बाईच्या हातात नसतं, हे आपण पुरुषांना चांगलं ठाऊक आहे.

कायद्यानं आईला 26 आठवड्यांची रजा दिली, पण ती दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणच्या नोकरदार बाईला. रोजंदारीवर खुरपणाऱ्या, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती कुठली? केंद्र सरकारच्या नोकराला बाप झाल्यावर पंधरा दिवस मिळतात. खासगी कंपनीतल्या बापाला कायद्यानं एकही नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पाळी संपवून सात वाजता घरी येणाऱ्या बापाला, हातपाय धुऊन, मोबाइल बाजूला ठेवून, आठ वाजेपर्यंत दोन्ही पोरं आपल्याकडे घ्यायला कुठला कायदा आडवा येतो? त्या तासात ती चालेल, अंघोळ करेल, मैत्रिणीशी बोलेल, नाहीतर नुसती पडून राहील. त्या तासाचा हिशेब तिच्याकडे मागायचा नाही. रात्री भाकरी थापली की पहिलं ताट तिचं वाढायचं. धाकटीला तिनं पाजलं, की खांद्यावर घेऊन ढेकर काढायला बापाचा खांदा चालतो. रात्रीची झोप मोडली तर चरबीही वाढते आणि मनही काळवंडतं. बाळंतपणानंतर जी बाई उगाच रडते, जिला बाळाकडे बघवत नाही, तिला नाटकी ठरवण्याआधी तिला सलग पाच तास झोपू देऊन बघा, आणि तरीही ती सावरली नाही तर तिला डॉक्टरकडे न्या.

लोणी काळभोरच्या आणि कदमवाकवस्तीच्या महिला ग्रामसभेत पुढच्या वेळी तीन मागण्या लेखी मांडल्या जाव्यात. लसीकरणाच्या प्रत्येक दिवशी आईचीही तपासणी व्हावी आणि तिच्या नावाचं वेगळं कार्ड असावं. वस्तीतला एक चालण्याजोगा रस्ता दिव्यांनी उजळावा. आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसातले काही तास चालणारं पाळणाघर अंगणवाडीला जोडून सुरू व्हावं. महिला सभेनंतर जी मोठी ग्रामसभा भरते, तिथं या मागण्या वाचून दाखवायला पुरुषांनी उभं राहावं, मुलांना कडेवर घेऊन.