लोखंडाचे कुलशील

वस्तूचे मोल तिच्या गुणांत असते की तिच्या कुलशीलात, हा वाद आपल्याकडे जुना आहे. त्याचे अत्यंत रोखठोक उत्तर मात्र आम्हांस अनपेक्षित ठिकाणी, अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या लिलावात, मिळते. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवून ‘जीटीओ’ बाजारात आणली आणि ‘मसल कार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांचा जमाना सुरू झाला. विम्याचे चढते हप्ते, धुराविषयीचे कायदे आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी तो दहा वर्षांतच आटोपला.

१९७१ ची उघड्या टपाची प्लिमथ ‘हेमी कुडा’ जेमतेम डझनभर निघाली. त्यांपैकी एक २०१४ साली सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरांस गेली. दुर्मीळ म्हणून महाग, हे खरेच. पण ती दुर्मीळ राहिली, कारण त्या वेळी ती फारशी कोणाला नको होती! १९७० च्या ‘सुपरबर्ड’ची गत तर याहून वाईट. शर्यतीसाठी तिला टोकदार नाक आणि मागे उंच पंख दिला होता. गिऱ्हाईक मिळेना म्हणून काही विक्रेत्यांनी तो साज उतरवून तिला साध्या गाडीच्या रूपात खपविले. ज्यांना तरुणपणी असली गाडी परवडली नाही, तेच पुढे पैसेवाले होऊन तिच्यामागे धावले. असो.

आम्हांस खरे नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. पुष्कळ गाड्यांच्या इंजिनावर गाडीच्या क्रमांकातील काही अंक कारखान्यातच ठोकलेले असत. ते अंक जुळले की इंजिन मूळचे ठरते. एकाच वर्षीच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करा; दोहोंची गर्जना तीच, वेग तोच; पण एकीचे अंक जुळतात, दुसरीचे जुळत नाहीत, एवढ्यावर किमतीत मोठी तफावत पडते. सरकारी दप्तरांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस हे परके वाटू नये. पेन्शनर समोर जिवंत उभा असला तरी हयातीचा दाखला आपण मागतोच.

‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? एकेक भाग वगळीत गेल्यावर ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचे नाव उरते. संग्राहकास हे मान्य होणार नाही. त्याच्या मते रथ नेमका तेथे असतो, जेथे अंक ठोकलेले असतात.

यात एक अन्याय आहे. ही गाडी वेगाने पिटाळण्यासाठी बनलेली. जिने ते काम मनापासून केले, तिचे इंजिन कित्येकदा फुटले आणि बदलले गेले. जी पडवीत झाकून राहिली, तिचे शाबूत राहिले. म्हणजे कर्तव्य केले त्याला दंड आणि बसून राहिला त्याला बक्षीस! हा न्याय आमच्या गळी उतरत नाही. क्वचित बाजारही तो उलटवितो. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालविलेली मस्टँग १९७४ साली एका कुटुंबाने ६,००० डॉलरांस घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. २०२० च्या जानेवारीत ती गंज आणि पोचे यांसकट लिलावात उभी राहिली, आणि तिला ३४ लाख डॉलरांची बोली आली. रंगरंगोटी केली असती तर तिचे मोल घटले असते, असे आम्हांस वाटते. तिचे पोचे हीच तिची साक्ष होती.

साक्षीला पैसा मिळू लागला की खोटे साक्षीदारही निघतात. जुने अंक घासून तेथे हवे ते अंक ठोकणारे कारागीर आहेतच. “इंजिन त्याच जातीचे, ताकद तीच, मग मी कोणाचे नुकसान केले?” असे त्यांतील एखादा विचारील. आमच्या मते त्याने दोघांचे केले. घेणाऱ्याने लोखंडापेक्षा अधिक पैसा साक्षीसाठी मोजला होता, आणि तीच खोटी निघाली. दुसरा तोटा खऱ्याचा: या कारागिरांपायी आता प्रत्येक अस्सल गाडीलाही आरोपीसारखे उभे राहावे लागते, जाणकार भिंग लावून अंकांचे वळण आणि पृष्ठभागावरच्या यंत्राच्या रेघा तपासतात. ‘इंजिन मूळचे नाही’ असे आपण होऊन लिहून देणारा विक्रेता डोळ्यांदेखत पैसा गमावितो. त्याच्याविषयी आम्हांस आदर वाटतो.

सर्वांत विश्वासाचा पुरावा मानतात तो मात्र कोणी पुरावा म्हणून ठेवलेलाच नव्हता. कोणत्या गाडीत काय बसवायचे, याचा एक तक्ता कामगारांसाठी असे. काम झाले की तो पुष्कळदा मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत पडून राही. पन्नास वर्षांनंतर खोटे बोलण्याचे त्या कामगारास काही कारण नव्हते. म्हणून आज आसन उसवताना मालकाचा हात जपून चालतो. आणि कित्येकदा उंदरांनी कुरतडलेला कागदाचा चुराच तेवढा हाती लागतो.